प्रिंटला देण्याआधी फोटो शार्प करताना

स्क्रीनवर रेखीव दिसणारा फोटो कागदावर थोडा मऊ उतरतो. इंकजेट प्रिंटमध्ये शाई कागदात किंचित पसरते आणि बारीक कडा बोथट होतात. म्हणून प्रिंटसाठी वेगळं शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, लागतं. ते सगळ्यात शेवटी करायचं आणि प्रिंट ज्या मापाचा हवा, त्याच मापावर.

समजा, तुम्हाला 8×12 इंचांचा फोटो फ्रेम करायचा आहे. इंचाला 300 पिक्सेल धरले तर फाइल 2400×3600 पिक्सेलची हवी. आधी रंग, उजेड, क्रॉपिंग उरका, मग फोटो या मापाला आणा आणि त्यानंतरच शार्पनिंगला हात घाला. आधी शार्प करून नंतर मोठा केलेला फोटो आम्ही प्रिंट काढणारे लगेच ओळखतो: केसांभोवती, साडीच्या काठाभोवती पांढरट रेघ उमटलेली असते.

ही रेघ येते कुठून? शार्पनिंग नवा तपशील आणत नाही. कडेची गडद बाजू ते आणखी गडद करतं, उजळ बाजू आणखी उजळ, म्हणून कड ठसठशीत भासते. फोकस चुकलेला किंवा हात हललेला फोटो त्याने सुधारत नाही. अशा फोटोचा प्रिंट लहान मापात काढा, असंच आम्ही सांगतो.

फोटोशॉपमधलं ‘अनशार्प मास्क’ या कामाला चांगलं. अमाउंट (शार्पनिंगचा जोर) 100 ते 150 टक्के, रेडियस (कडेभोवती ते किती रुंद पसरतं) 1 ते 1.5 पिक्सेल आणि थ्रेशोल्ड (किती फरक असला की कड मानायची) 3 च्या आसपास ठेवून सुरुवात करा. रेडियस वाढवण्याचा मोह टाळा, रेघ त्यानेच जाड होते. थ्रेशोल्डमुळे गाल, आकाश अशा सपाट भागांत दाणे उठत नाहीत. फोटो 100 टक्के झूमवर ठेवून नथीचे मोती, पैठणीची जर, पापण्या बघा. तिथे स्क्रीनवर किंचित जास्त वाटणारी धार कागदावर बरोबर बसते. लग्नातल्या क्लोजअपमध्ये डोळे, केस आणि दागिने तेवढे शार्प करावेत. त्वचेला हात लावू नये.

ग्लॉसी कागदाला कमी शार्पनिंग पुरतं, मॅट आणि कॅनव्हासला जास्त. म्हणून कागद आधी ठरवा.

मोबाइल कॅमेरा बहुधा स्वतःच फोटो शार्प करून देतो, त्यावर पुन्हा चढवलं की चेहरे खरखरीत होतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो आणि दबतो. तो शार्प केला तर चौकोनी ठिपकेच उठून दिसतात. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर आणा.

शार्प केलेली प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ फाइल तशीच राहू द्या. खात्री नसेल तर शार्प न करताच फाइल द्या आणि सोबत माप व कागद लिहा. मोठ्या प्रिंटआधी चेहऱ्याच्या भागाची छोटी पट्टी छापून आम्ही तुम्हाला दाखवू. ती दिवसाच्या उजेडात, हातभर अंतरावरून बघा.