मार्बरी चीनला 'संपल्यावर' गेला?

अमेरिकी बास्केटबॉलपटू स्टीफन मार्बरीबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: एनबीएने (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने) नाकारलेला, संपलेला खेळाडू शेवटची कमाई करायला चीनला गेला. यातला अर्धा भाग खरा आहे. 2009 मध्ये बोस्टन संघासोबतचा हंगाम संपला तेव्हा आधीच्या न्यूयॉर्क निक्स संघातल्या भांडणांनी त्याचं नाव पार खराब झालं होतं. स्वतःचे स्वस्त बूट चीनमध्ये विकण्याचा विचारही त्याच्या डोक्यात होताच.

पण 'संपलेला'? तिथेच ही गोष्ट चुकते. 2010 च्या सुरुवातीला तो चीनमधल्या शान्शी संघाकडून खेळला, मग फोशानकडून. दोन्ही संघांशी फार काळ जमलं नाही. 2011 मध्ये तो बीजिंग डक्सकडे आला. या संघाने चिनी लीग कधीच जिंकली नव्हती, आणि 2012 च्या अंतिम फेरीत समोर होता सात वेळचा विजेता ग्वांगडोंग. बीजिंगने मालिका 4-1 ने घेतली! पुढे 2014 आणि 2015 मध्येही तेच विजेते. 2015 च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू मार्बरीच होता, वय 38.

नुसता पगार मोजायला आलेला माणूस इतकं टिकत नाही. तो बीजिंगमध्येच राहिला, भुयारी रेल्वेने फिरला, स्थानिक सहकाऱ्यांना बरोबर घेऊन खेळला. शहरात त्याचा पुतळा उभा राहिला, चीनने कायम वास्तव्याचा परवाना दिला. 2018 मध्ये तो निवृत्त झाला, तोही बीजिंगच्याच दुसऱ्या संघाकडून खेळून.