गाडगीळ, धनंजय रामचंद्र

(१० एप्रिल १९०१ – ३ मे १९७१). भारतीय अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक आणि भारताच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. जन्म नाशिकचा, बालपण नागपुरात, उच्च शिक्षण केंब्रिजला. तेथे लिहिलेला प्रबंध १९२४ मध्ये ‘द इंडस्ट्रिअल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. १८६० नंतरच्या हिंदुस्थानात शेतकरी, कारागीर आणि कारखाने यांची काय स्थिती झाली, हे त्यात त्यांनी सलगपणे मांडले. पुढे अनेक आवृत्त्या निघालेल्या या ग्रंथाचा लेखक तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांचा होता. मुंबई सरकारच्या अर्थखात्यातील थोड्या काळाच्या नोकरीनंतर ते सुरतेच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

रावबहादूर आर. आर. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून १९३० मध्ये गोखले संस्था उभी राहिली. तिची धुरा गाडगिळांनी १९६६ पर्यंत वाहिली. त्या काळी बहुतेक ठिकाणी अर्थशास्त्र म्हणजे इंग्रजी ग्रंथांचे विवरण असे. गाडगीळ मात्र सहकाऱ्यांना घेऊन पुण्याच्या फळबाजारात गेले, दख्खनच्या रस्त्यांवर नव्याने धावू लागलेल्या मोटारगाड्यांची वाहतूक त्यांनी तपासली, वाई तालुक्यातील शेतकऱ्यांचे जमाखर्च मांडले आणि पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी दोन भागांत पुरी केली. आधी पाहायचे, मोजायचे आणि मगच बोलायचे, ही शिस्त त्यांनी संस्थेला लावली. त्यांचे सर्वांत मोठे शैक्षणिक कार्य हेच मानावे लागेल. काळे स्मृती व्याख्यानमालेने संस्थेला सार्वजनिक व्यासपीठही मिळवून दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३९ मध्ये संघराज्याच्या प्रश्नावरचे आपले प्रसिद्ध भाषण येथेच केले. गाडगिळांनंतर वि. म. दांडेकर संचालक झाले आणि पाहणीची ही परंपरा त्यांनी दारिद्र्याच्या मोजमापापर्यंत नेली.

गाडगिळांच्या लेखी सहकार हा पुस्तकी विषय नव्हता. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणीच्या परिसरातील ऊस उत्पादक शेतकऱ्यांना विठ्ठलराव विखे पाटलांनी एकत्र केले, तेव्हा केंब्रिजमध्ये शिकलेल्या या प्राध्यापकाने प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले. सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा होता. तरीही शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवणे, कर्ज उभे करणे, सरकारी परवानग्या मिळवणे ही कामे वर्षानुवर्षे चालली. १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले. उसाचा मालकच कारखान्याचा मालक झाला, आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या अर्थकारणाची व राजकारणाची पुढची वाटचाल याच नमुन्यावर झाली.

शेतकऱ्यांना कर्ज कोठून मिळते हे तपासणाऱ्या, ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचेही ते सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांच्या या पाहणीत, शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आढळला. यावरून सहकार गुंडाळावा, असा निष्कर्ष समितीने काढला नाही. सरकारने सहकारी संस्थांत भागीदार व्हावे आणि पतपुरवठ्याची सांगड शेतमालाची विक्री व त्यावरील प्रक्रिया यांच्याशी घालावी, असे तिने सुचवले. प्रवरेचा अनुभव गाठीशी असलेल्या गाडगिळांना ही सांगड पुरती ठाऊक होती.

राज्यसभेचे नियुक्त सदस्यत्व आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद यांनंतर १९६७ मध्ये ते नियोजन आयोगात गेले. राज्यांना केंद्रीय मदत किती मिळावी, हे तोवर बरेचसे वाटाघाटींवर ठरत असे. १९६९ च्या ‘गाडगीळ सूत्रा’ने त्याला नियम घालून दिला. आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँड यांच्या गरजा प्रथम बाजूला काढायच्या. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार आणि प्रत्येकी १० टक्के दरडोई उत्पन्नातील मागासलेपण, करवसुलीचे प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीजप्रकल्प आणि राज्यांच्या खास अडचणी यांसाठी वाटायची. लोकसंख्येला एवढे वजन दिल्याने अतिगरीब राज्यांना न्याय मिळत नाही, हा आक्षेप रास्त होता व पुढे सूत्रात दुरुस्त्याही झाल्या. पण दिल्लीच्या मर्जीऐवजी उघड निकष आला, हे पाऊल संघराज्याच्या दृष्टीने फार मोलाचे होते. जिल्हा हा एकक धरून बँकांनी शाखाविस्तार करावा, ही त्यांच्या अभ्यासगटाची शिफारसही त्याच वर्षीची. प्रत्येक जिल्ह्यातील बँकविस्ताराची जबाबदारी एका बँकेकडे सोपवणारी अग्रणी बँक योजना तिच्यातूनच निघाली. १९७१ मध्ये पद सोडून दिल्लीहून पुण्याकडे परतताना रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले.

पत्नी प्रमिला. पुत्र माधव गाडगीळ (जन्म १९४२) परिसरशास्त्रज्ञ म्हणून विख्यात झाले. वडिलांना पक्षिनिरीक्षणाचा नाद होता. घरात दुर्बीण होती, सलीम अलींचे पुस्तक होते, आणि अक्षरओळख होण्याआधीच माधव त्यातील चित्रांवरून पक्षी ओळखू लागले होते. काही वेडे राघू शेपटीच्या सुईसारख्या पिसांवाचून का दिसतात, असा प्रश्न त्या मुलाला पडला. वडिलांनी त्याला थेट सलीम अलींना पत्र लिहायला सांगितले. पिसे झडून पुन्हा येतात, असे उत्तर आले. इरावती कर्वे यांचा शेजार व स्नेहही या घराला लाभला होता. कोयना धरणाचे काम चालू असताना गाडगिळांनी मुलाला तेथे नेले आणि उद्योगांना वीज हवीच, पण त्यासाठी जंगलाचा नाश व विस्थापितांचे हाल ही किंमत द्यावी का, हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. नियोजनावर श्रद्धा असलेल्या अर्थतज्ज्ञाने हे पन्नाशीच्या दशकात विचारावे, यात त्यांच्या विचारांची खोली दिसते. पश्चिम घाटावरील २०११ चा अहवाल माधव गाडगिळांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिला. स्नुषा सुलोचना गाडगीळ यांनी मॉन्सूनच्या अभ्यासात मोठे काम केले, तर नातू सिद्धार्थ गाडगीळ गणितज्ञ आहेत.