मोटरचालित व्हॉल्यूम
मोटरचालित व्हॉल्यूम : ॲम्प्लिफायरवरील आवाजाची घुंडी छोट्या विजेच्या मोटरने फिरवण्याची आणि ती मोटर रिमोटवरून चालवण्याची योजना. रिमोटचे बटण दाबले की समोरच्या पट्टीवरची घुंडी आपोआप फिरू लागते. जागेवरून उठून हाताने फिरवली तरी पूर्वीसारखीच फिरते. बऱ्याच घरगुती ॲम्प्लिफायरांत ही सोय कारखान्यातूनच येते. ती नसलेल्या जुन्या यंत्रांत हौशी मंडळी आणि कारागीर ती नंतर बसवतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः या नंतरच्या जोडकामाविषयी आहे.

जुना ॲम्प्लिफायर बहुधा मजबूत असतो आणि घरातल्या कुणाचा तरी त्यावर जीव असतो. गाणी ऐकताना आवाज एकदा लावला की लावला. पण त्याच ॲम्प्लिफायरला टीव्ही जोडला की परिस्थिती बदलते. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच मिनिटाला जाहिराती कानावर आदळतात. टीव्हीच्या ऑप्टिकल जोडणीतून येणारा आवाज बहुतेक वेळा ठरावीक पातळीचा असतो, त्यामुळे टीव्हीचा रिमोट तिथे उपयोगी पडत नाही. दर वेळी उठावे लागते. मोटर बसवण्याचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो तो इथे.

पूर्वेतिहास : घुंडी दुरून फिरवण्याची कल्पना टीव्हीच्याही आधीची आहे. अमेरिकेतील फिल्को कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस काही रेडिओंसोबत ‘मिस्टरी कंट्रोल’ नावाची बिनतारी पेटी दिली. तिच्यावर टेलिफोनसारखी तबकडी होती. ती फिरवून स्टेशन बदलता येई आणि रेडिओतील मोटरच्या साहाय्याने आवाजही कमीजास्त करता येई. झेनिथ कंपनीचा १९५० चा ‘लेझी बोन्स’ रिमोट तारेने जोडलेला होता आणि टीव्हीतील मोटर चॅनेलची घुंडी फिरवत असे. पुढे १९५५ मध्ये यूजीन पॉली यांचा प्रकाशझोतावर चालणारा ‘फ्लॅश-मॅटिक’ आला, तर १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांचा श्राव्यातीत ध्वनीवर चालणारा ‘स्पेस कमांड’. अवरक्त किरणांचे रिमोट स्वस्त झाल्यावर, १९८० च्या दशकात, जपानी कंपन्यांनी घरगुती ॲम्प्लिफायरांत मोटरची घुंडी बसवायला सुरुवात केली. घुंडीवर एक बारीक लाल दिवा असे, म्हणजे अंधाऱ्या खोलीच्या दुसऱ्या टोकाहूनही ती कुठवर फिरली ते दिसावे. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंतही १९७० च्या दशकापासून मोटरने सरकणारे फेडर (आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या खुंट्या) आले होते, पण त्यांचा हेतू निराळा: वेगवेगळे ध्वनी मिसळताना केलेल्या हालचाली जशाच्या तशा परत घडवणे.

घुंडीमागचा पॉट : घुंडीमागे पोटेन्शिओमीटर, म्हणजेच कारागिरांचा ‘पॉट’, असतो. अर्धवर्तुळाहून मोठ्या, साधारण ३०० अंशांच्या कार्बनपट्टीवरून एक स्पर्शक सरकतो आणि येणाऱ्या संकेताचा हवा तेवढाच हिस्सा पुढे सोडतो. स्टीरिओसाठी एकाच दांड्यावर दोन पट्ट्या असतात. आवाजासाठी वापरला जाणारा पॉट लॉगरिदमिक असतो: घुंडी निम्मी फिरली तरी रोध १० ते १५ टक्क्यांवरच पोचलेला असतो, कारण कानाला आवाजाची वाढ तशीच सम वाटते. जपानी पद्धतीत अशा पॉटवर ‘ए’ आणि सरळ पॉटवर ‘बी’ हे अक्षर असते. दुकानात नुसते ‘५० के’ (म्हणजे ५० हजार ओहम) सांगून आणलेला पॉट पुष्कळदा बी निघतो. तो बसवला की पहिल्या थोड्याशा फेरीतच घर दणाणते आणि उरलेल्या घुंडीत काही फरक जाणवत नाही.

मोटरच्या पॉटमध्ये याच दांड्याला मागून दातेरी चाकांची साखळी आणि एक छोटी डीसी मोटर जोडलेली असते. जपानच्या आल्प्स कंपनीचे (१९४८ साली स्थापन झालेली ही कंपनी आता आल्प्स अल्पाइन नावाने चालते) १६ मिमी आणि २७ मिमी मापाचे पॉट या कामात सर्वाधिक परिचित आहेत; निळ्या आवरणाचा २७ मिमीचा पॉट हौशी मंडळींत ‘ब्लू’ म्हणून मिरवतो. त्याच्या नकलाही भरपूर आहेत. या मोटरी साधारण ४.५ ते ५ व्होल्टवर चालतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला दहा-बारा सेकंद घेतात.

या रचनेतील खरी कल्पकता मोटरीत नाही, तिच्या आणि दांड्याच्या मधल्या सरकत्या क्लचमध्ये आहे. हाताने घुंडी फिरवली की क्लच घसरतो, म्हणून मोटरीच्या दातांवर जोर येत नाही. मोटर चालू असताना घुंडी टोकाला टेकली तरी तो घसरतो, म्हणून काही मोडत नाही. हा क्लच नसेल तर हात आणि रिमोट दोन्ही एकाच घुंडीवर नांदू शकत नाहीत. खेळण्यातल्या विमानांसाठी मिळणारी स्वस्त सर्व्हो मोटर जुन्याच पॉटच्या दांड्याला जोडण्याचा प्रयोग त्यामुळेच फसतो: ती जेमतेम १८० अंश फिरते, आणि हाताने फिरवू पाहिली तर आतले दात झिजतात.

रिमोट ते मोटर : रिमोटच्या टोकाचा एलईडी सुमारे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकतो. खोलीतल्या इतर प्रकाशातून तो ओळखू यावा म्हणून त्याची उघडझाप सेकंदाला ३८,००० च्या आसपास वेळा होते. ती ओळखणारा तीन पायांचा ग्राहक (रिसीव्हर) म्हणजे टीएसओपी १७३८ आणि त्याचे भाईबंद. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो त्या आकड्याने मागितला की मिळतो. त्याच्या पुरवठ्यात १०० ओहमचा रोध आणि ४.७ मायक्रोफॅरडचा धारित्र (कपॅसिटर) घालावा. हे न केल्यास मोटर चालू होताच ग्राहक गोंधळतो आणि बटण सोडल्यावरही घुंडी फिरत राहते.

संकेताच्या दोन पद्धती सर्वत्र भेटतात. एनईसी पद्धतीत सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता आणि त्यानंतर ३२ बिट येतात. बटण दाबून धरले की सुमारे ११० मिलिसेकंदांनी एक आखूड ‘पुन्हा’चा संकेत येत राहतो. फिलिप्सची आरसी-५ पद्धत १४ बिटांची असते आणि तिची वारंवारता ३६ किलोहर्ट्झ. तिच्यात यंत्राच्या प्रत्येक जातीला क्रमांक ठरवून दिलेला आहे. टीव्हीला ०, ॲम्प्लिफायरला १६, सीडी प्लेअरला २०. आवाज वाढवण्याची आज्ञा १६ आणि कमी करण्याची १७. घरात पडून असलेल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट वापरणे सोयीचे जाते, पण त्याचे संकेत टीव्हीच्या रिमोटशी जुळत नाहीत ना, हे आधी पाहावे. नाही तर चॅनेल बदलताना ॲम्प्लिफायर ओरडू लागतो.

हे संकेत वाचण्याचे काम एखादा लहान मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम चालवणारी चिप) करतो. एटीटायनी ८५ सारखा आठ पायांचाही पुरतो. त्याच्या आतला कार्यक्रम सोपा असतो: ‘वाढव’ आले तर मोटर एका दिशेने, ‘कमी कर’ आले तर उलट, आणि दीड-दोनशे मिलिसेकंद काहीच आले नाही तर बंद. मोटर दोन्ही दिशांनी फिरवायला एच-ब्रिज, म्हणजे पुरवठ्याची दिशा उलटवणारी जोडणी, लागतो. एल २९३ डी ही चिप सहज मिळते. तिच्या ट्रान्झिस्टरांत दोनेक व्होल्ट खर्ची पडतात, म्हणून ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर मोटर सावकाश चालते. हा दोष इथे गुणच ठरतो.

वेगाचा प्रश्न : कारण वेग ही या जोडकामातली सगळ्यांत चुकणारी गोष्ट आहे. १२ सेकंदांत ३०० अंश म्हणजे सेकंदाला २५ अंश; एनईसीच्या एका पुनरावृत्तीत घुंडी पावणेतीन अंश सरकते. आकडा लहान दिसतो. पण जुन्या ॲम्प्लिफायरांना पूर्ण आवाजासाठी १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरत, आणि सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. त्यामुळे घुंडीची पहिली पाऊण-एक तासाची फेरी (घड्याळाच्या भाषेत सातपासून आठपर्यंत) हीच रोजच्या ऐकण्याची जागा होऊन बसते, आणि तिथे पावणेतीन अंशही फार होतात. त्याच जागी स्टीरिओच्या दोन पट्ट्या एकमेकींशी सर्वांत कमी जुळतात, म्हणून गायक एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो.

यावर दोन उपाय आहेत. मोटरला सलग पुरवठा न देता तुटक स्पंद द्यावे आणि थांबताना तिची दोन्ही टोके जोडून ब्रेक लावावा, म्हणजे ती जडत्वाने पुढे घरंगळत नाही. किंवा, आणि हा जास्त शहाणपणाचा उपाय आहे, पॉटच्या आधी स्टीरिओच्या प्रत्येक बाजूला दोन ठरावीक रोध घालून येणारा संकेतच दहाएक डेसिबलनी उतरवावा. दुसऱ्या उपायाने घुंडी मोकळेपणाने फिरते आणि दोन्ही बाजूंचा समतोलही सुधारतो. मोटरच्या प्रोग्राममध्ये महिनाभर डोके खपवणाऱ्याला हे चार रोध आधी कुणी सांगत नाही.

खरखर आणि अर्थिंग : डीसी मोटरच्या ब्रशांतून बारीक ठिणग्या उडतात, आणि त्यांच्यापासून दीड-दोन सेंटीमीटरवर ॲम्प्लिफायरचा सर्वांत नाजूक संकेत असतो. मोटरच्या दोन टोकांवर थेट ०.१ मायक्रोफॅरडच्या धारित्राला डाग द्यावा, मोटरच्या तारा पिळून न्याव्यात आणि तिचे धातूचे आवरण अर्थला (यंत्राच्या शून्य व्होल्टच्या जोडणीला) जोडावे. मोटर व मायक्रोकंट्रोलर यांचा पुरवठा वेगळ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून किंवा निदान वेगळ्या ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणाऱ्या चिप) वरून घेतलेला बरा. मोटरचा प्रवाह संकेताच्या अर्थमधून वाहू देऊ नये. दोन्ही अर्थ एकाच बिंदूत भेटावेत. घुंडी फिरताना ‘कर्र’ असा आवाज स्पीकरमधून येत असेल तर चूक बहुधा याच जोडणीत असते, पॉटमध्ये नाही.

बसवताना : नवा पॉट जुन्याच्या मूल्याचा असावा. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांत १० के ते १०० के चालून जाते, पण वाल्व्हच्या (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या नळ्यांच्या) यंत्रांत ५०० के किंवा १ मेगओहमचे पॉट असत. तिथे ५० के लावला की आधीच्या वाल्व्हवर भार पडून बास आटतो. काही जुन्या यंत्रांच्या पॉटला चौथा पाय असतो. तो कमी आवाजात बास उचलणाऱ्या ‘लाउडनेस’साठी असतो, आणि मोटरच्या सामान्य पॉटला तो नसल्यामुळे ही सोय गमवावी लागते. रेडिओंत चालू-बंदचा खटकाही पॉटमध्येच असे; त्याची जागा दुसरीकडे करावी लागते. मोटरसकट पॉटची खोली जुन्याच्या दुप्पट-तिप्पट भरते, म्हणून आत ट्रान्सफॉर्मर किंवा हीटसिंक आडवा येतो का, हे पट्टी लावून आधी मोजावे. ग्राहकासाठी पुढच्या ॲल्युमिनिअमच्या पट्टीला भोक पाडण्याचे धाडस बहुतेकांना होत नाही. तो हेडफोनच्या सॉकेटशेजारी, जाळीमागे किंवा लाल पारदर्शक खिडकी असल्यास तिच्या आड लपवतात. आत २३० व्होल्ट असतात. वाल्व्हच्या यंत्रांत त्याहून वरचे, ३००-४०० व्होल्टही असतात, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या धारित्रांत ते काही काळ टिकून राहतात. ते उतरल्याची मीटरने खात्री करूनच हात घालावा.

‘म्यूट’ मोटरने करू नये. घुंडी शून्यावर जायला सेकंद लागतात, आणि वेळ मोजून परत आणलेली घुंडी आधीच्या जागी नेमकी येत नाही. संकेत तोडणारा एक छोटा रिले हे काम झटकन करतो.

चिप की मोटर : पीजीए २३११ सारख्या चिपमध्ये आवाज अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो, दोन्ही बाजू उत्तम जुळतात आणि झिजण्यासारखे काही नसते. मोटरच्या पॉटचा आवाज ‘जास्त शुद्ध’ असतो हा हौशी मंडळींतला समज मोजमापापेक्षा श्रद्धेवर अधिक उभा आहे. पॉटची बाजू निराळीच आहे. वीज गेली आणि आली तरी तो होता तिथेच असतो; चिपला मात्र पातळी लक्षात ठेवायला वेगळी तजवीज लागते. महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत, जेव्हा दिवसातून कित्येकदा वीज जाई, तेव्हा हा फरक फार जाणवे. शिवाय घरातल्या ज्याला रिमोट सापडत नाही, त्याला घुंडी सापडते, आणि ती आवाजाबद्दल कधी चुकीचे सांगत नाही.

झीज : मोटर फिरताना ऐकू येते पण घुंडी हलत नाही, तेव्हा क्लच सैल झालेला असतो किंवा दातेरी चाक तडकलेले असते; घुंडी थरथरत फिरते तेव्हा आतले ग्रीस वाळलेले असते. पट्टीची खरखर घालवायला क्लीनर मारताना तो क्लचवर जाऊ देऊ नये. एकदा तो तेलकट झाला की मोटर नुसतीच फिरत राहते.