शिकार आणि नेमबाजीसाठी दुर्बीण व स्पॉटिंग स्कोप

स्पॉटिंग स्कोप म्हणजे एका डोळ्याने बघायची, ट्रायपॉडवर लावायची आटोपशीर दुर्बीण. मॅग्निफिकेशन साधारण १५ ते ६० पट, पुढची लेन्स ५० ते ९५ मिमी, आणि आत प्रिझम असल्यामुळे चित्र सरळ दिसतं. बायनॉक्युलर दोन्ही डोळ्यांनी, हातात धरून. शिकारीत बायनॉक्युलरने जनावर शोधतात आणि स्कोपने ते नर आहे का मादी, वय काय, शिंगं केवढी हे बघतात. टार्गेट शूटिंगमध्ये स्कोपचं काम दोनच गोष्टींचं, गोळीचं भोक कुठे पडलं आणि वारा कसा वाहतोय. रायफलवर बसवलेला स्कोप ही वेगळी वस्तू, आणि त्यातून आजूबाजूला बघत बसणं सगळीकडेच चूक मानतात कारण जिकडे बघाल तिकडे बंदुकीची नळी वळते, समोर माणूस असला तरी.

बायनॉक्युलरवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. ८ म्हणजे किती पट जवळ दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या लेन्सचा व्यास मिमीमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो, इथे ५.२५ मिमी; १०×४२ मध्ये ४.२ आणि २०-६०×८० च्या स्कोपमध्ये २० पटीला ४, पण ६० पटीला जेमतेम १.३ मिमी. म्हणून झूम पूर्ण फिरवला की चित्र काळपट होतं, त्यात स्कोप बिघडलेला नसतो. हाच हिशोब फसवणूक पकडायलाही कामाला येतो. ऑनलाइन ४०×६० वगैरे आकडे छापलेले स्वस्त मोनोक्युलर (एका डोळ्याच्या छोट्या दुर्बिणी) मिळतात, ते आकाशाकडे धरून हातभर लांबून मागच्या भिंगात दिसणारा उजेडाचा ठिपका बघा, खरंच ४०×६० असेल तर तो दीड मिमीचा हवा, चांगला मोठा ठिपका दिसला तर लेन्सवरचा आकडा नाहीतर मॅग्निफिकेशनचा आकडा खोटा आहे, बहुतेक दुसराच. ठिपका पूर्ण गोल न दिसता कडांना कापल्यासारखा चौकोनी दिसला तर आत स्वस्तातल्या बीके-७ काचेचे प्रिझम असायची शक्यता मोठी, त्याहून चांगली बीएके-४ काच असेल तर गोल दिसतो.

पैसे खरे जातात ते काचेत आणि कोटिंगमध्ये. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो आणि दुर्बिणीत असे दहा-पंधरा पृष्ठभाग सहज असतात, तेव्हा किती उरतो ते बघा. परावर्तन कमी करणारं कोटिंग झाइस या जर्मन कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढलं. आता बॉक्सवर ‘फुली मल्टिकोटेड’ (सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचं कोटिंग) लिहिलेलं बघायचं, नुसतं ‘कोटेड’ लिहिलं असेल तर त्याला फार अर्थ नाही. सरळ नळीच्या रूफ प्रिझम दुर्बिणीत फेज कोटिंगही (प्रिझममध्ये विस्कटलेल्या प्रकाशलहरी जुळवणारा थर) लागतं, नाहीतर चित्र मऊ, कमी रेखीव पडतं. पोरो प्रिझमच्या जुन्या रुंद खांद्याच्या दुर्बिणीत ही भानगडच नसते, त्यामुळे बजेट अगदी कमी असेल तर त्याच पैशात पोरो जास्त चांगलं चित्र देते, फक्त ती जड असते आणि पाण्यापासून तिला जपावं लागतं. ईडी काच (रंग कमी फाकवणारी) असली की काळ्या फांदीच्या कडेला दिसणारी जांभळी-हिरवी किनार कमी होते, स्कोपमध्ये हा फरक बायनॉक्युलरपेक्षा जास्त जाणवतो कारण मॅग्निफिकेशन जास्त.

शिकारीसाठी काय घ्यावं हे प्रदेशावर ठरतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत एल्क किंवा म्यूल हरणामागे जाणारे लोक तासन्‌तास एका जागी बसून समोरचा उतार विंचरतात, त्यांच्या गळ्यात १०×४२ आणि सॅकमध्ये ६०-६५ मिमीचा स्कोप असतो, ८० मिमीचा घेतला तर तो दीड-दोन किलोपर्यंत जातो आणि चढावर प्रत्येक ग्रॅम कळतो. जर्मनीत मचाणावर बसून संध्याकाळी रानडुकराची वाट बघणारे ८×५६ घेतात, ७ मिमीचा प्रकाशगोल मिळतो म्हणून. पण वय वाढलं की अंधारातही बाहुली तितकी उघडत नाही, पन्नाशीनंतर ५ मिमीच्या आसपासच राहते, मग जास्तीचं वजन गळ्यात फुकट.

टार्गेटचं गणित वेगळं. .२२ (इंची कॅलिबर) च्या गोळीचं भोक ५.६ मिमीचं, ५० मीटरवर ते साध्या डोळ्याच्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी, त्यात काळ्या वर्तुळात पडलं तर भोकही काळंच. २० पट पुरतं. ३०० मीटरवर ६ मिमीचं भोक १५ पटीला कुठे उंबरठ्यावर येतं, म्हणून तिथे ३०-४० लागतात. त्याच्या पुढे हवाच आडवी येते, तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या लाटांमुळे उन्हात ६० पटीला नुसता लिबलिबाट दिसतो. गंमत म्हणजे चांगले नेमबाज हाच मिराज, म्हणजे तापलेल्या हवेच्या लाटा, वापरतात, फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणायचा आणि लाटा कुठे झुकतात ते बघायचं, सरळ वर उकळताना दिसल्या तर आडवा वारा जवळपास नाही, जोराच्या वाऱ्यात त्या आडव्या होऊन वाहतात. प्रोन म्हणजे झोपून मारताना मान हलू नये म्हणून मागचा भाग ४५ अंशात वळलेला अँगल्ड स्कोप डोळ्याशेजारी स्टँडवर लावतात. गाडीच्या खिडकीतून बघणाऱ्याला मात्र सरळ नळीचाच सोयीचा.

बजेटचं माझं मत सरळ आहे, आधी बरा बायनॉक्युलर घ्या, स्कोप नंतर. अमेरिकेत २०० ते ४०० डॉलरमध्ये निकॉन, व्होर्टेक्स यांच्या १०×४२ चांगल्या मिळतात आणि स्वारोव्हस्कीची वरची मॉडेल ३००० डॉलरच्या आसपास किंवा पुढे जातात, पण दुपारच्या उजेडात दहापट फरक काही दिसत नाही, तो दिसतो सूर्य मावळल्यावरच्या शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत आणि चित्राच्या कडांना. स्कोप घेताना ट्रायपॉडचे पैसे आधीच बाजूला काढा, हलक्या फोटो ट्रायपॉडवर वारं आलं की महागडा स्कोपही थरथरतो. चष्मा असेल तर आय रिलीफ (मागच्या भिंगापासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १५ मिमीच्या वर हवा, नाहीतर चित्राचा मधलाच तुकडा दिसेल.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरांबाबत वनखात्याची परवानगी असे मोजके अपवाद, त्यामुळे इकडे हे सामान नेमबाज आणि पक्षी बघणारेच घेतात. ५० मीटर रायफलचा महाराष्ट्रात, खासकरून कोल्हापुरात, चांगला वारसा आहे, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनमध्ये जगज्जेती झाली आणि स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन्सचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार) ब्राँझ आणलं. मोठ्या स्पर्धांत आता इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतात, शॉट मॉनिटरवर दिसतो, तेव्हा भोक शोधायला स्कोप लागत नाही, कागदी टार्गेटवर सराव करणाऱ्यांना मात्र अजून लागतो.

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी आत वाफ धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफ दुर्बीणच घ्यावी आणि पावसाळ्यात ती चामड्याच्या पेटीत न ठेवता सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी. काचेवर एकदा बुरशीची जाळी धरली की ती कोटिंग खाते, आणि आतली काच साफ करून घ्यायचा खर्च स्वस्त दुर्बिणीच्या किमतीएवढा होऊ शकतो. सेकंडहँड घेताना टॉर्च पुढच्या लेन्समधून आत मारून हेच आधी बघतात, मग दोन्ही डोळ्यांनी दूरच्या खांबाकडे बघून चित्र एकच दिसतं का दोन, ते.