पट्टेरी वाघाची शरीररचना

वाघ (शास्त्रीय नाव : पँथेरा टायग्रिस) हा मार्जार कुलातील सर्वांत मोठा प्राणी. पूर्ण वाढ झालेल्या भारतीय नराची नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी साधारण २७० ते ३१० सेंमी. आणि वजन १८० ते २५८ किग्रॅ. असते. मादी बरीच हलकी, १०० ते १६० किग्रॅ. वजनाची असते.

वाघ दूरवर पाठलाग करीत नाही. दबा धरून जवळ जायचे आणि मोजक्या झेपांत भक्ष्य पाडायचे, ही त्याची रीत. बहुतेक अवयवांची घडण याच रीतीतून समजते. मागचे पाय पुढच्या पायांपेक्षा लांब असल्याने झेप दूर जाते. पुढचे पाय आणि खांदे जाड, पिळदार असतात; सांबर किंवा रानगव्यासारख्या जड जनावराला त्यांच्याच जोरावर खाली ओढले जाते. नखे एरवी आत ओढलेली असतात, म्हणून त्यांची धार टिकते आणि चाल बिनआवाजी होते. पुढच्या पंजाला पाच बोटे असली तरी पाचवे वर राहते. ठशात चारच बोटे उमटतात, नखे सहसा उमटत नाहीत.

अंगाचा रंग पिवळसर नारिंगी, पोटाकडे पांढरा आणि त्यावर काळे पट्टे. एवढा भडक प्राणी लपतो कसा, याचे उत्तर भक्ष्याच्या डोळ्यांत आहे. चितळ-सांबरांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, त्यामुळे नारिंगी अंग त्यांना पाल्यासारखेच दिसते. उरलेले काम पट्टे करतात. ताडोबातल्या बांबूच्या रांजीत किंवा उंच गवतात उभ्या सावल्यांमध्ये शरीराची बाह्यरेषाच हरवते.

पट्टे केवळ केसांवर नसतात. केस काढले तरी कातडीवर त्यांची नक्षी दिसते. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात आणि एकाच वाघाच्या दोन कुशींवरची नक्षीही वेगळी असते. म्हणूनच जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) लावतात. भारतात पूर्वी पंजाच्या ठशांवरून वाघ मोजत. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात ठशांच्या मोजणीत वाघ दिसत असतानाच ते संपल्याचे २००५ च्या सुमारास उघड झाले, तेव्हा त्या पद्धतीचा फोलपणा साऱ्या देशाला कळला. आजची गणना मुख्यतः पट्ट्यांवर उभी आहे.

पांढरा वाघ ही वेगळी उपजाती नव्हे. आई आणि वडील दोघांकडूनही एक अप्रभावी जनुक आले, तर नारिंगी छटा गळते. पट्टे राहतात, डोळे निळे होतात. १९५१ मध्ये रीवा संस्थानच्या परिसरात पकडलेला ‘मोहन’ हा बंदिवासातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचा पूर्वज. पुढे रंगासाठी नात्यातच संकर होत राहिले आणि तिरळेपणासारखे दोष वाढले. अशा पैदाशीला संवर्धन म्हणणे चूक आहे. ओडिशातल्या सिमलीपालच्या जंगलात याउलट पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले, जवळजवळ काळे दिसणारे वाघ आढळतात.

डोळ्यांची बाहुली गोल असते. डोळयातील पडद्यामागचा परावर्तक थर अंधुक उजेड परत फिरवतो. विजेरीच्या झोतात डोळे चमकतात ते त्यामुळे. शिकारीत वास घेण्यापेक्षा पाहणे आणि ऐकणे जास्त उपयोगी पडते. वास महत्त्वाचा ठरतो तो हद्द ओळखताना : दुसऱ्या वाघाने फवारलेले मूत्र हुंगून वाघ ओठ वर उचलतो व तो गंध टाळूतल्या खास इंद्रियापर्यंत पोहोचवतो. कानांच्या मागे काळ्यावर एकेक ठळक पांढरा ठिपका असतो. त्याच्या उपयोगाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

तोंडात ३० दात. सुळे ६ ते ७ सेंमी. लांब असून गळा किंवा मान पकडण्याच्या कामी येतात. दाढा मांस कात्रीसारखे कापतात, चावून बारीक करीत नाहीत. जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, त्यांनी हाडावरचे मांस खरवडून निघते.

आकार प्रदेशागणिक बदलतो. सुमात्रातला नर १०० ते १४० किग्रॅ. इतकाच भरतो. रशियाच्या अतिपूर्वेकडील वाघाचे हिवाळी केस लांब आणि दाट होतात, रंग फिकट राहतो. सुंदरबनातले वाघ तर मध्य भारतातल्या वाघांपेक्षा स्पष्टपणे लहान आहेत. तिथे मोठी भक्ष्ये कमी, चितळ आणि रानडुक्कर यांवरच मुख्य भिस्त.