जमिनीखालच्या वाहिन्यांचे जुने नकाशे संगणकावर आणायचे आहेत? प्रस्ताव असा तयार करा

पाणी, मलनिस्सारण, वीज किंवा गॅस, सेवा कोणतीही असो, जमिनीखाली काय आहे हे सांगणारे नकाशे बहुतेकदा रेकॉर्ड रूममध्ये गुंडाळून पडलेले असतात. ते जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत, आणण्यासाठी मंजुरी हवी असेल, तर स्कॅनरच्या दरपत्रकापासून सुरुवात करू नका. स्कॅनिंग हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे.

प्रस्ताव कोणी करायचा?

ज्या विभागाकडे मूळ नोंदी आहेत आणि जो त्या पुढेही अद्ययावत ठेवणार आहे, त्याने. ही दोन कामे वेगवेगळ्या विभागांकडे असतील तर दोघांच्याही सह्या घ्या. एकट्या संगणक विभागाचा प्रस्ताव पहिली दोन वर्षे छान दिसतो. नंतर नव्या वाहिन्या त्यात कोणी भरत नाही.

कोणत्या नोंदी पात्र?

काम पूर्ण झाल्यावर मोजून काढलेले, म्हणजे ॲज-बिल्ट नकाशे आधी घ्या. मंजुरीच्या वेळचे डिझाइन नकाशे दुसरा आधार नसेल तिथेच वापरा, कारण खोदताना खडक लागला की वाहिनी वळते आणि कागदावरची रेघ तशीच राहते. बंद केलेल्या वाहिन्या मात्र गाळू नका. खड्ड्यात सापडलेला पाइप चालू आहे की बंद, हे ठरवायला त्याच नोंदी लागतात. नकाशाइतक्याच मोलाच्या म्हणजे व्हॉल्व्हच्या नोंदवह्या आणि दुरुस्तीची जॉबकार्डे. त्यांत खोली, व्यास आणि साहित्य सापडते.

सोबत जोडायची कागदपत्रे

नोंदींची यादी हवीच: प्रत्येक पत्रकाचा क्रमांक, तारीख, प्रमाण, कागदाची अवस्था. त्याशिवाय चांगली, मध्यम आणि फाटकी अशी नमुना पत्रके, कोणत्या वस्तूची कोणती माहिती भरायची याचा तक्ता, स्वीकृतीचे निकष आणि हे नकाशे कोणाला पाहता येतील याचा गोपनीयतेचा मसुदा.

खरी परीक्षा अचूकतेच्या कलमाची. १:१००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर अर्धा मीटर व्यापते. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केल्यास एक ठिपका जमिनीवर सुमारे साडेआठ सेंटिमीटरचा होतो. म्हणजे चूक स्कॅनरची कमी आणि रेघेची, दमटपणाने ताणलेल्या कागदाची जास्त. तरीही निविदेत ‘दहा सेंटिमीटर अचूकता’ लिहिलेली दिसते! जागेवर नव्याने मोजणी न करता ती मिळणार नाही.

स्कॅन केलेला नकाशा जमिनीवरच्या खऱ्या जागेशी जुळवतानाही अशीच फसगत होते. या जुळवणीच्या साध्या रूपांतराला किमान ३ संदर्भबिंदू (नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखता येणाऱ्या जागा) पुरतात, पण तेवढेच घेतले तर शिल्लक चूक, म्हणजे जुळवणीनंतर उरणारा फरक, नेहमी शून्य येते, बिंदू चुकीचा असला तरी. म्हणून पत्रकभर पसरलेले जास्तीचे बिंदू आणि शिल्लक चुकीची मर्यादा निकषांतच लिहा.

प्रत्येक वाहिनीपुढे विश्वासार्हतेचा रकाना ठेवा. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या ३८-२२ या मानकातली विभागणी इथे उपयोगी पडते: फक्त जुन्या नोंदींवरून आलेली माहिती ‘डी’, जमिनीवर दिसणाऱ्या चेंबर-व्हॉल्व्हच्या मोजणीशी ताडलेली ‘सी’, भूभौतिक उपकरणांनी शोधलेली ‘बी’ आणि उघडून मोजलेली ‘ए’. नुसत्या कागदावरून उचललेली रेघ ‘डी’च. पडद्यावर ती कितीही रेखीव दिसो.

मंजुरीनंतर

थेट सगळ्या क्षेत्राचे काम देऊ नका. जुनी-नवी वस्ती मिसळलेला एक छोटा भाग निवडा आणि वेळ व खर्चाचा अंदाज त्यावरून सुधारा. त्या भागातल्या व्हॉल्व्हमनला निकाल दाखवा; कागदावर नसलेली जोडणी त्याला ठाऊक असते. कंत्राटदाराकडे पत्रके जाताना एक कट-ऑफ तारीख ठरवा आणि तिच्यानंतरचे बदल वेगळ्या नोंदवहीत ठेवा, ते शेवटी चढवायचे आहेत.

मूळ कागद यादीशी ताडून परत घ्या. ते नष्ट करण्याची परवानगी याच प्रस्तावात मागू नका. तो स्वतंत्र निर्णय आहे आणि स्वीकृती तपासणी संपल्यावरच त्याला हात घालावा.