पावसात व्हॅन का थांबते, आणि ते आम्ही कशावरून ठरवतो

पालकांनो, दर जुलैत तोच फोन येतो, आमच्या इथे तर ऊन पडलंय मग व्हॅन शाळेतच का थांबवली? म्हणून एकदा नीट लिहून देतोय.

मुंबईत पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. कुलाब्याला भुरभुर आणि सांताक्रुझला धो धो, असं कितीदा होतं. त्यामुळे नुसत्या यलो किंवा ऑरेंज अलर्टवर आमचं भागत नाही. महापालिकेने शहरभर साठाहून जास्त ठिकाणी पाऊस मोजायची यंत्रं बसवलीत, आणि गेल्या १५ मिनिटांत कुठे किती पडला ते आपत्ती व्यवस्थापनाच्या वेबसाईटवर कोणालाही फुकट बघता येतं. शाळा सुटायच्या आधी आम्ही दादर, सायन, वडाळ्याचे आकडे बघतो आणि सोबत भरतीची वेळ बघतो, कारण खरी गोम तिथेच आहे. आपली जुनी गटारं ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेली, नंतर ब्रिमस्टोवॅड या पालिकेच्या पावसाळी गटारं सुधारायच्या प्रकल्पात ५० मिमीचं काम काढलं, पण साडेचार मीटरची भरती असेल तर नाल्याचं पाणी समुद्रात जातच नाही, पंपांनी उपसावं लागतं, आणि मग हिंदमाता, गांधी मार्केटसारखे सखल भाग भरायला वेळ लागत नाही.

दुसरं म्हणजे मुंबई फ्लड हे ॲप. आयआयटी मुंबईने पालिकेच्या साथीने केलंय आणि त्यात एचडीएफसी अर्गो ही विमा कंपनी पण आहे. पुढच्या काही तासांचा पावसाचा अंदाज मिळतो, काही सखल जागी पाणी किती चढलंय ते सेन्सरवरून दिसतं, शिवाय आपण उभे आहोत तिथे किती पाणी आहे ते आपणही कळवू शकतो. विमा कंपनी कशाला असं काहींना वाटेल, पण गाड्या कमी बुडाल्या तर त्यांचाही फायदाच की, आणि मला तरी त्यात वावगं काही वाटत नाही, आकडे सगळ्यांना खुले राहिले म्हणजे झालं. सरकारी आकडे नुसते कपाटात पडून राहिले तर आमच्यासारख्या चार व्हॅनवाल्यांना काय उपयोग.

आमचे ड्रायव्हरकाकाही या ॲपवर माहितीची भर घालतात. कुठे पाणी दिसलं की घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत असं कळवतात. फक्त जागा आणि पाणी, एवढंच. मुलांची नावं, तुमचे नंबर, कोण कुठे उतरतं यातलं काहीही आम्ही कोणाला देत नाही, कोणी मागितलं तरी नाही.

अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर व्हॅन त्या रस्त्याने जाणार नाही, मग कितीही उशीर होवो. मुलं शाळेतच थांबतील, ताई सोबत असतील, ग्रुपवर मेसेज येईल. तेवढ्या वेळात कृपया स्वतः पाण्यातून न्यायला येऊ नका, फोन मात्र चार्ज ठेवा.